तळं कुणाचं, गाळ कुणाचा?



'तलाव वाचवा' ही आरोळी आता गावोगाव ऐकू येते. पुढारी येतो, कुदळ मारतो, फोटो निघतो, पेपरात छापून येतो. शहरातली शिकलेली माणसं पाणथळ, जैवविविधता, पुनरुज्जीवन असले शब्द घेऊन येतात. शब्द वाईट नाहीत. तळी खरोखरच मरायला लागलीत. पण आपल्या पोरांना विचारलं की यावर तुमचं म्हणणं काय, तर ती म्हणतात, हा पोट भरलेल्यांचा विषय. आपल्यापुढं अत्याचार आहेत, गायरान आहे, शिष्यवृत्ती आहे, नोकरी आहे. तळ्याचं काय घेऊन बसलात?

मला हे पटत नाही. आपल्या चळवळीची पहिली मोठी लढाई तळ्याच्या काठावर झाली. आपल्या आयाबापांनी दुष्काळात तळी खांदली, अंगावर माती वाहिली. आणि आज तळ्याच्या नावानं जे काही चाललंय त्यात आपलंच नाव कुठल्या यादीत नाही. मी सूतगिरणीतला कामगार. इतिहास कॉलेजात शिकलो नाही, पाळी सुटल्यावर वाचत गेलो. जे वाचलं आणि केज तालुक्यात डोळ्यांनी बघितलं ते जोडून मांडतो. म्हणणं एकच आहे : तळं राखायचं असेल तर आधी त्यावर हक्क कुणाचा ते ठरलं पाहिजे. हे न ठरवता जो तळं 'शुद्ध' करायला निघतो, तो दुसऱ्याच कुणाला तरी तिथून हाकलायला निघालेला असतो.

याचा पुरावा महाड.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे मंडळात सी. के. बोल्यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशातनं बांधलेले वा चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं आपलं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. प्रत्यक्षात आपला माणूस तिथं पाय ठेवू शकत नव्हता. चार-पाच एकरांचं तळं, पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी, भोवती सवर्णांची घरं. जनावर पाणी पीत होतं, परधर्माचा माणूस पीत होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब गेले, पाणी प्याले आणि त्यांच्या मागं हजारो माणसं प्याली. त्यावर परिषदेच्या माणसांना मारहाण झाली. मग सवर्णांनी तळ्याची 'शुद्धी' केली. दही, दूध, शेण, गोमूत्र घातलेल्या १०८ घागरी मंत्र म्हणत तळ्यात बुडवल्या.

आता ही गोष्ट आपण भाषणात नेहमी सांगतो, माणसाला विटाळ मानला म्हणून संतापतो आणि पुढं जातो. जरा तिथंच थांबा. तळ्याच्या बाजूनं बघा. कुठलाही पाण्याचा जाणकार सांगेल की दूध आणि शेण पाण्यात घातलं की ते कुजतं. कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. शेण म्हणजे खत. त्याच्यावर शेवाळ माजतं, पाणी हिरवं होतं, वास मारतं, फार झालं तर मासा वर येऊन मरतो. म्हणजे तहानलेल्या माणसाची ओंजळ लागली तर तळ्याचं काहीच बिघडत नाही, आणि ज्यानं बिघडतं त्याला धर्मानं नाव दिलं शुद्धी. घाण म्हणजे काय आणि स्वच्छ म्हणजे काय हे ठरवायचा अधिकार ज्याच्या हातात, तळं त्याच्या हातात. आजसुद्धा हेच आहे. सांडपाणी सोडणारा अब्रूदार राहतो, आणि काठावर पाल टाकून राहणारा तळं घाण करतो म्हणून त्याला उठवतात.

पुढचं ऐका. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेनं आपलाच १९२४ चा ठराव मागं घेतला. डिसेंबरात सवर्णांनी कोर्टात दावा लावला की हे तळं खाजगी आहे, आणि अस्पृश्यांना बंदी ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे. कोर्टाचा मनाईहुकूम आला. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली, पण सत्याग्रह तहकूब ठेवला. का? कारण भांडण कागदावर गेलं होतं आणि बाबासाहेबांना ते कागदावर जिंकायचं होतं. सव्वानऊ वर्षं ते चाललं. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि वाडिया यांनी सवर्णांचं अपील फेटाळलं. तळं नगरपालिकेचं, म्हणजे सगळ्यांचं. अनादी वहिवाट सिद्ध झाली नाही.

म्हणून म्हणतो, महाडात माणूसपणाचा हक्क जिंकला तसाच तळ्याच्या मालकीचाही निकाल लागला. सार्वजनिक पाणी खाजगी होऊ द्यायचं नाही, हे आपण या देशाला कोर्टातनं शिकवलं. पर्यावरणवाल्यांच्या पुस्तकात हे तळं सापडत नाही. आपल्या पुस्तकात सापडतं, पण त्यातलं पाणी सापडत नाही.

महाड मुंबई इलाख्यात. आपला केज तालुका तेव्हा निजामाच्या मुलखात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपल्याकडं निजामी होती. बोल्यांचा ठराव इकडं लागू नव्हता. इकडं होती वतनदारी. महार-मांगानं गावची सगळी कामं करायची, मेलेलं ढोर ओढायचं, निरोप न्यायचे, वेठ करायची. पाणी मात्र आडावर उभं राहून मागायचं. कुणी वरून ओतलं तर मिळालं. फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेला आले ते याच वेठीच्या प्रश्नावर. हात आमचे, काम गावाचं, मोबदला शिळा तुकडा. हा हिशोब ध्यानात ठेवा, तळ्याच्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

आला तो १९७२ ला. त्या दुष्काळाच्या आठवणी अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणूस दुष्काळी कामावर होतं. कुणी खडी फोडली, कुणी रस्ते केले, कुणी नाल्याला बांध घातले, कुणी पाझर तलाव बांधले. पुढं त्यातनंच रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ ला पास झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्या कामांवर सगळ्या जातीची माणसं होती, हे खरं. दुष्काळानं कुणब्यालाही पाटी उचलायला लावली. पण पाऊस पडला, कुणबी आपल्या शेतावर गेला, आणि आपला माणूस पाटी घेऊन तिथंच राहिला.

आता पाझर तलाव म्हणजे काय ते समजून घ्या, यात गोम आहे. या तलावाला कालवा नसतो. आपल्याकडं वर काळी माती आणि खाली काळा पाषाण. त्या पाषाणाच्या भेगांत जेवढं मुरेल तेवढंच पाणी जमिनीत राहतं. तलावात साठलेलं पाणी हळूहळू त्या भेगांतनं खाली उतरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना फुटतं. युक्ती चांगली आहे. पण विहीर कुणाची? ज्याची जमीन त्याची. बांध घातला तो भूमिहीनानं, सरकारच्या म्हणजे सगळ्यांच्या पैशातनं, आणि पाणी निघालं ते चार-दोन बागायतदारांच्या विहिरीत. कुणी चोरी केली नाही. जमिनीखालनं, आवाज न करता, कायद्यानंच पाणी तिकडं गेलं. वतनदारी गेली म्हणतात. पाण्यानं ती जमिनीखाली चालू ठेवली.

त्याच काळात आपल्या तालुक्यात मांजरा धरण उभं राहिलं. मांजरा आपल्याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात उगवते. पुढं कर्नाटक, तेलंगणातनं जाऊन गोदावरीला मिळते. केज तालुक्यात धनेगावला ती अडवली. १९८० साली धरण पुरं झालं. उपयोगाचा साठा सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर. बीड, धाराशिव आणि लातूर या तीन जिल्ह्यांचं ते नाक आहे. केज, धारूर, अंबाजोगाई, कळंब, लातूर यांचं पिण्याचं पाणी त्याच्यावर. शेकडो एकर ऊसही त्याच्यावर वाढला, साखर कारखाने उभे राहिले. आणि तो ऊस पिकवणाऱ्या मुलखातली आपली माणसं कोयता घेऊन दुसऱ्यांच्या मुलखात ऊस तोडायला जातात. हा काय प्रकार आहे ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

२०१६ च्या उन्हाळ्यात धरणाचा तळ उघडा पडला. लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावली. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, ५ लाख लिटर घेऊन. साऱ्या देशानं ती टीव्हीवर बघितली. मी एक हिशोब केला. मांजरा एकदा पुरं भरायचं तर असल्या साडेतीन लाख गाड्या लागतील. म्हणजे हातातलं तळं मरू दिलं तर त्याची भरपाई कुठल्याही सरकारच्या बापाला करता येत नाही. आणि टंचाईत पहिला मार कुणाला बसतो? ज्याच्या घरात टाकी आहे त्याला टँकर विकत घेता येतो. वस्तीच्या टोकाला असलेल्या आपल्या बायांना घागर घेऊन उन्हात उभं राहावं लागतं. आणि दुसऱ्याच्या विहिरीवर गेलं की जात विचारली जाते. जुलै १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा मराठवाड्यात वस्त्या जाळल्या आणि आपल्या विहिरीही नासवल्या. पाणी मारलं की माणूस गाव सोडतो, हे जाळणाऱ्यांना बरोबर माहीत होतं.

तळं मरतं कसं? पाऊस कमी पडला म्हणून नुसतं मरत नाही. ते वरून मरतं. वरचा डोंगर उघडा झाला की मोठा पाऊस माती घेऊन खाली येतो आणि ती तळ्यात बसते. धरणात गाळासाठी म्हणून खाली जागा सोडलेली असते, पण गाळ शिस्तीत खालीच बसत नाही, पाण्याच्या जागेतही बसतो. दुसरं, ते काठावरून मरतं. काठाला लव्हाळा, पाणकणीस, पाण्याखालचं गवत असतं. मासा तिथं अंडी घालतो, पाखरू घरटं करतं, आणि वाहून येणारी घाण तिथं अडते. काठ उपटला, नांगरला, भिंत घालून दगडानं मढवला, की तळ्याची हौदासारखी नुसती टाकी होते. तिसरं, ते माणसानं मरतं. ज्याचं पोट तळ्यावर आहे तो तळ्याकडं रोज बघतो. त्याला तिथनं हाकललं की बघणारं कुणी राहत नाही. मग सांडपाणी सोडा, भराव टाका, कोण विचारतो?

हे उलटं फिरवता येतं का? येतं. मराठवाड्यात नाही, पार विदर्भाच्या टोकाला भंडारा-गोंदियाकडं हे झालंय. तिकडं गोंड राजांच्या काळापासून तळी आहेत, हजारोंनी. मालगुजारी तलाव म्हणतात. कोहळी लोकांनी ती बांधली, ढिवर लोकांनी त्यात मासे धरले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडं आले, आणि हळूहळू बेवारस झाले. गाळ भरला, बेशरमीची झुडपं माजली, गावठी मासे कमी झाले. गेल्या पंधरा-वीस वर्षांत अर्जुनी मोरगावच्या बाजूला ढिवरांच्या मच्छीमार संस्थांनी आणि मनीष राजनकरांसारख्या अभ्यासकांनी काही तळी परत उभी केली. बाया पुढं होत्या. शालू कोल्हे यांचं नाव या कामात सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी बेशरम मुळासकट काढली, उन्हाळ्यात तळ्याचा तळ नांगरला, आणि दुसऱ्या चांगल्या तळ्यातनं पाण्यातली गवतं आणून लावली. कुठलं गवत कुठल्या माशाला लागतं हे त्यांना ठाऊक होतं, कारण पिढ्यान् पिढ्या गुडघाभर चिखलात उभं राहून ते शिकलेले. मासे वाढले, पाखरं परत आली. भटक्या म्हणून ज्यांना गावानं कधी मोजलं नाही त्यांच्या डोक्यात तळ्याचं शास्त्र होतं. इंजिनिअरला ते त्यांच्याकडनं शिकावं लागलं.

आपल्याकडं काय झालं? २०१७ ला 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली. मशीन संस्थांचं, डिझेल सरकारचं, आणि गाळ शेतकऱ्यानं स्वतःच्या खर्चानं न्यायचा. पुढं लहान शेतकऱ्यांना वाहतुकीला अनुदानही मिळालं. गाळ काढणं चांगलं, त्याशिवाय तळं वाचत नाही. पण गाळ म्हणजे काय? डोंगरावरनं, गायरानावरनं, साऱ्या शिवारातनं वाहून आलेली मऊ माती, गावाची पन्नास वर्षांची सार्वजनिक कमाई. ती ट्रॅक्टरवाल्याच्या रानात गेली. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याच्या नावावर गाळ नाही. तळं खांदताना पाटी आपल्या डोक्यावर होती, गाळ वाटताना आपलं नाव नाही. निदान एवढं तरी मागायला नको का, की गायरान कसणाऱ्या भूमिहीनाच्या तुकड्यावरही गाळाच्या चार खेपा पडाव्यात?

हे मागणं वेडेपणाचं वाटत असेल तर दोन उदाहरणं देतो. विलासराव साळुंख्यांनी १९७४ पासून पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. नियम असा की पाणी जमिनीच्या मापानं मिळणार नाही, माणशी मिळेल. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर. ऊस लावायचा नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. दुसरं उदाहरण आम्हा गिरणीवाल्यांच्या जवळचं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यातले सांगली जिल्ह्यातले कामगार गावाकडं परतले तर तिथं दुष्काळ. ते आणि गावचे शेतकरी मुक्ती संघर्षाच्या झेंड्याखाली एक झाले. ठेकेदार येरळा नदीची वाळू उपसून नेत होते. लोकांनी ती थांबवली, मापात वाळू विकायचा हक्क मागितला आणि त्या पैशातनं तांदूळवाडी-बलवडीला बळीराजा धरण बांधलं. पाणी प्रत्येक कुटुंबाला सारखं, जमीन असो वा नसो. मालकानं ज्यांना रस्त्यावर काढलं त्यांनी धरण बांधलं. नदी राखायची आणि वाटा समान करायचा ही दोन कामं त्यांनी एकच मानली. बाबासाहेबांनीही १९४२ ते ४६ मजूरमंत्री असताना दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजनांत हेच धोरण धरलं : पाणी ही संपत्ती आहे, ती राखली पाहिजे आणि लोकांच्या कामी आली पाहिजे.

आता धोक्याची सूचना. २५ जुलै २००१ ला हिंचलाल तिवारी खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तळी, तलाव, वनं ही समाजाची संपत्ती आहे, ती राखलीच पाहिजे. २८ जानेवारी २०११ ला जगपालसिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा म्हणून हुकूम झाला. हुकूम योग्य आहे. बड्यांनी तळी गिळलीत. पण २०२२ ला गायरान अतिक्रमणाचा विषय हायकोर्टात निघाला तेव्हा गावोगाव कुणाच्या छातीत धडकी भरली? दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून, एकनाथ आवाडांच्या गायरान चळवळीपर्यंत, ज्यांनी पडीक तुकडे कसून हिरवे केले त्यांच्या. म्हणून हे पाठ करून ठेवा : त्याच जगपालसिंग निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनी अपवाद म्हणून सांगितल्यात. आणि महाराष्ट्र सरकारचा २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची गायरान अतिक्रमणं नियमित करण्याबद्दल आहे. तलाव वाचवण्याच्या नावानं कुणी तुमच्या दारात आलं तर हे दोन कागद हातात पाहिजेत.

आणि आपणही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. गायरान तळ्याच्या वरच्या अंगाला असतं. तिथली माती धरून ठेवली तर तळं भरत नाही. कसणाऱ्यानं उताराला आडवी ताल घातली, बांधावर झाड लावलं, तर तोच तळ्याचा पहिला राखणदार. हे आपण आपणहून करू आणि छातीठोक सांगू की तळं आम्ही राखतोय, आम्हाला उठवून ते राखलं जाणार नाही.

मग काम काय? आपापल्या गावच्या तळ्याचे चार कागद काढा. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, तो वापरा. पहिला, तळं कुणाच्या ताब्यात : जलसंपदा, जलसंधारण, जिल्हा परिषद की ग्रामपंचायत, आणि मूळ मोजणीत त्याची हद्द किती. दुसरा, मासेमारीचा ठेका कुणाकडं, आणि त्या सोसायटीत खरे मासे धरणारे भोई किती, नुसते कागदावरचे किती. तिसरा, गाळ किती निघाला आणि कुणाच्या गटात पडला. चौथा, धरणाचं पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कुणाला कसायला दिली. तिथं धरणग्रस्त आणि भूमिहीन यांचा नंबर आधी लागायला पाहिजे, तो लागला का ते बघा. भोई, कैकाडी, वडार, पारधी, ज्यांचा ज्यांचा पाण्याशी नि मातीशी संबंध आहे त्यांना बरोबर घ्या. एकट्या बौद्धवाड्याचं हे काम नाही.

२० मार्च २०२७ ला महाडला शंभर वर्षं पुरी होतात. लाखो माणूस जाईल, आपणही जाऊ. पण त्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या गावच्या तळ्यावर जावं. पाण्याला वास येतो का बघावं, काठावर लव्हाळा आहे का बघावं, गाळ किती चढलाय ते काठी घालून मोजावं, आणि हे चार कागद ग्रामसभेत मोठ्यानं वाचावेत.

जयभीम.